वशिल्याचं झाड

बिनकाट्याची ब्लॅकबेरी लावायची आयडिया माझीच होती हे आधीच कबूल करतो, कारण घरात हा विषय अजूनही पोह्यांबरोबर रोज निघतो. जात वॉशिटा, अमेरिकेत आर्कान्सा युनिव्हर्सिटीवाल्यांनी २००३ मधे काढलेली. आईला हे नाव काही जमेना, ती 'वशिला' म्हणते. कुरियरचा खोका उघडला तर आत एक काडी. आई म्हणाली, "एवढे पैसे मोजून दातून मागवलंस का रे?"

पण काडी जगली. वर्षभरात चार-पाच फुटी हिरवेगार फोक निघाले, फुलं मात्र शून्य. मग डिसेंबरात मी गुलाब छाटतो तसे सगळे फोक बुडापासून साफ केले आणि वर बायकोला बोलावून दाखवलं पण. नंतर वाचलं की ही ब्लॅकबेरी आदल्या वर्षीच्या फोकावरच फळते, फळून झालं की तो फोक वाळतो आणि मग त्याला कापायचं असतं. म्हणजे येणारं सगळं पीक मी स्वतःच्या हाताने ओल्या कचऱ्यात टाकून गाडीत चढवलं होतं. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, त्यात आमची ब्लॅकबेरी पण आहे बरं का.

पुढच्या वर्षी कात्री बायकोने लपवली, मग थंडीची भानगड निघाली. ह्या जातीला फुलायला सात डिग्रीच्या खाली चारशे-पाचशे तास लागतात, आणि आपल्याकडची थंडी कशी, पहाटे कानटोपी न् अकरा वाजता टीशर्ट. पाचशे भागिले चोवीस, म्हणजे जवळपास एकवीस दिवस अखंड गारठा! फ्रिजचा विचार झाला पण तिथे दह्याचं पातेलं आधीपासून आहे. शेवटी भर जानेवारीत बर्फाची लादी आणली, बर्फवाला म्हणे, "भिया, शादी है क्या?" लादी फोडून बुडाशी पसरली. आपली माती काळी, पाणी धरून बसणारी, आणि ह्या बाईसाहेबांना पाय ओले चालत नाहीत. दोन दिवस नुसता चिखल. वर हेही कळलं की थंडी वर फोकांवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, लागायला हवी, मुळांना गारठवून काही होत नाही.

तरी उन्हाळ्यात सात फळं धरली. सात! शेजारी बोगनवेल आहे, तिच्या वाटेला कोणी जात नाही, आणि इथे काटा नाही म्हटल्यावर खारी, बुलबुल, गल्लीतली पोरं, सगळ्यांना रान मोकळं. माझ्या वाट्याला तीन आली, काळी, चकचकीत. चकचकीत असली म्हणजे अजून पिकायची आहेत, चमक गेली की तोडायची, हे अर्थात तोडल्यावर कळलं. एक तोंडात टाकलं आणि उजवा डोळा आपोआप मिटला.

बाबांनी उरलेली दोन बशीत घेतली, मधून चिरली, वर जिरावण, आमचा पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरलं आणि खाऊन म्हणाले, "आत्ता कुठे चव आली. अजून आहेत का?"