मला नुसती गाडी चालवू द्या ना
रात्री जेवणं उरकली की मला व्हिडिओ गेममध्ये अर्धा तास फक्त गाडी पळवायची असते, रेस नको नि पहिला नंबर पण नको. २००६ च्या टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड या गेममध्ये हवाईतल्या ओआहू बेटाला समुद्राच्या कडेकडेने चक्कर मारत बसायचो, त्यासाठीच तर या ओपन वर्ल्डच्या, म्हणजे अख्ख्या मॅपवर हवं तिकडे फिरता येणाऱ्या गेम्सच्या प्रेमात पडलो. आणि आता जो गेम घेतलाय त्यात दोन वळणं घेतली नाहीत तोच कुणीतरी कॉल करून सांगतं तिकडे नवीन इव्हेंट आहे, मॅपवर आयकॉन इतके की रस्ताच दिसत नाही, वर फुकटच्या गाड्यांचा पाऊस, मग पैसे साठवून घेतलेल्या गाडीचं अप्रूप राहणार कसं? रेसमध्ये कितीही नीट चालवा, मागचे एआयवाले (कॉम्प्युटर चालवतो ते ड्रायव्हर) रबराने बांधल्यासारखे खेचले येतात आणि शेवटच्या वळणावर ठोकून पुढे. अरे मग चांगलं चालवून उपयोग काय!!

त्यात गेममध्ये खऱ्या गाड्या नि गाणी वापरायच्या लायसन्सची भानगड. फोर्झा होरायझन ४ या गेममधलं ते ब्रिटन, दर आठवड्याला बदलणारे ऋतू, बर्फात गोठलेलं तळं, सगळं १५ डिसेंबर २०२४ ला डिजिटल स्टोअरवरून गेलं, गाड्यांचे नि गाण्यांचे करार संपतात म्हणून. धाकट्या भावाला घेऊन द्यायचा होता यार.