टोपली रिकामी निघाली म्हणून

समुद्री कासवांची पिल्लं बघायला कोकणात वेळासला गेलो होतो, आत्ता रात्री साडेदहाला घरी पोचले. बॅगा दारातच पडल्यात, पायांना अजून वाळू आहे. पण हे आधी लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

आज सकाळी सात वाजता हॅचरीपाशी, म्हणजे कासवांची अंडी वाळूत राखून ठेवतात तिथे, दोरीच्या मागे आम्ही पन्नास-साठ जण उभे होतो. कासवमित्रांनी, म्हणजे ही अंडी राखणाऱ्यांनी, अंड्यांच्या जागेवर पालथी घातलेली एकेक टोपली उचलली. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, सगळ्याच रिकाम्या. "आज कोणी वर आलं नाही, संध्याकाळी बघू," एवढंच ते म्हणाले. माझ्या शेजारचे गृहस्थ लगेच सुरू झाले. "सहा तास गाडी चालवून आलोय आम्ही! आधी सांगता येत नाही? पैसे परत द्या."

कसले पैसे परत? वाळूखालची अंडी पंचेचाळीस दिवसांनी फुटतील की पंचावन्न, हे वाळू किती तापते त्यावर ठरतं. ते काय कोणाच्या सुट्टीकडे बघून ठरणार आहे?

काल संध्याकाळी मात्र सात पिल्लं निघाली होती. आणि दुपारीच कोणीतरी दोरी ओलांडून फोटोसाठी समुद्राच्या बाजूला जाऊन आलं होतं. त्याच्या टाचेचा ठसा ओल्या वाळूत खोल उमटलेला. पाचवं पिल्लू, काडेपेटीएवढं, काळपट, त्या ठशात पडलं आणि उलटं झालं. चारही वल्ही हवेत. कासवमित्राने त्याला हात लावला नाही. गुडघ्यावर बसून त्याने बोटांनी ठशाची कड मोडली, वाळूचा उतार करून दिला. पिल्लाने दोन-तीनदा अंग टाकलं, सुलटं झालं आणि चालायला लागलं. पाण्यापर्यंतची तीस पावलं त्याला दहा-बारा मिनिटं लागली. आमच्यातलं कोणीही बोललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायचंही सुचलं नाही.

कोणाची तरी एक टाच, बाकी काही नाही.

आता मान्य करते, पर्यटक नकोत असं म्हणता येत नाही. आमच्या होमस्टेच्या काकू सरळ सांगतात, पूर्वी गावात ही अंडी उकरून खायचे, विकायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे कासवं वाचवायचं काम सुरू केलं, मग कासव महोत्सव आला, घराघरांत पाहुणे यायला लागले आणि अंड्यांना राखणदार मिळाले. त्यात आपल्या पैशांचा वाटा आहे. ठीक आहे. पण आपण राहण्या-जेवणाचे पैसे देतो. कासवाचे नाही देत.

वेळासहून केळशी, आंजर्लं करत पुढे दापोलीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे एका पाटीवर चक्क लिहिलेलं, "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत." बसलो बोटीत, तेवढी चूक आमचीही. लांबवर दोन पाठी वर आल्या, करड्या, एक लहान. क्षणात चार बोटी इंजिनं फोडत तिकडे. शिट्ट्या, आरडाओरडा, "इकडे घ्या, इकडे घ्या!" अरे, ते श्वास घ्यायला वर येतात! पाण्याखाली आवाजावर जगणारा प्राणी तो, त्याच्या डोक्यावर चार इंजिनं घालायची? आणि शेजारी पिल्लू असताना? मी नावाड्याला म्हटलं, दादा, बंद करा, लांबूनच बघू. तो म्हणाला, "ताई, मला कळत नाही का? पण जवळ नेलं नाही तर गिऱ्हाईक भांडतं." त्याच्यावर तरी किती चिडणार? पाटी त्याने लिहिली असेल, लिहायला आपण लावली.

इंजिनं बंद करून थांबलो. काहीच दिसलं नाही. बोटीतले दोघं चरफडले. मला सारखी ती टाच दिसत होती.

ओडिशात २०२१ मध्ये ओळखीचा टॅग लावलेली कासवाची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या भारताला वळसा घालून आली असणार ती. आणि आपल्याला सहा तासांची गाडी जड होते!

सकाळच्या त्या गृहस्थांबरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. बाबा भांडत होते आणि ही दोरीला दोन्ही हातांनी धरून टोपलीकडे बघत उभी. मला हळूच विचारलं, "ती आत झोपलीयेत का?" मी म्हटलं, हो. "मग ओरडू नका ना," असं ती बाबांना म्हणाली. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, हात धरून गाडीकडे घेऊन गेले. माणूस वाईट नसेल. लेकीला दाखवायचंच होतं त्यांना. आता लिहिताना राग जरा उतरलाय माझा.

संध्याकाळी माणगावात चहाला थांबलो होतो, तेव्हा काकूंचा फोन आला. "अगो, बारा निघाली हो!"

त्या मुलीला कळवायला माझ्याकडे तिचं नावसुद्धा नाही.