सप्रे कोण?

आईची पंचाहत्तरी करायची ठरली तेव्हा मला वाटलं हॉल बघायचा, केटरर बघायचा, झालं. पण आईचं म्हणणं, आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, प्रत्येकाला एकेक स्टीलचा डबा द्यायचा आणि डब्यावर नाव घालायचं. मी म्हटलं अगं आता कोण घालतं नावं, तर म्हणाली नाव नसलेलं भांडं आणि नाव नसलेलं आहेराचं पाकीट, दोन्ही कोणी दिलं ते कळत नाही.

आमच्या घरातली भांडी म्हणजे खानदानाचं दफ्तरच आहे. मोठ्या पातेल्यावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं आजीचं माहेरचं नाव, तांब्यावर मामाच्या मुंजीची तारीख, आणि मी रोज ज्या वाटीने आमटी ओरपतो तिच्यावर चक्क कुणातरी 'कै.' माणसाच्या स्मरणार्थ असं लिहिलंय. हे कै. कोण ते घरात कोणालाच माहीत नाही. पूर्वी अख्ख्या आळीची भांडी पंगतीला एकत्र यायची, तांब्यापितळेची एकदमच कल्हईला जायची, त्यात कधीतरी त्यांची वाटी आमच्याकडे आली असणार आणि आमची त्यांच्याकडे. आता तिकडे कोणीतरी आमच्या आजोबांच्या नावाने आमटी पीत असेल.

बाकी भांड्यावरच्या नावाचा उपयोग होतो हे मान्य, कारण भांडं परत येतं. पुस्तक येत नाही. मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, तारीख, गाव, सगळं टाकतो, तरी गेलेलं पुस्तक गेलंच. शिलाहार राजांच्या काळात लोक जास्त हुशार होते, दान दिलेली जमीन कोणी बळकावू नये म्हणून ते गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, उभारायचे, वर चंद्रसूर्य, मध्ये मजकूर, आणि दान मोडणाऱ्याच्या आईबद्दल अन एका गाढवाबद्दल असं काही कोरलेलं की इथे लिहिता येणार नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली चित्रसुद्धा! पुस्तकांवर हे करायची माझी फार इच्छा आहे, बायको नको म्हणते.

असो. मजकूर काय घालायचा यावर घरात तीन दिवस गेले. दादाला स्वतःचं, वहिनीचं, दोन्ही मुलांचं नाव, तारीख, तिथी, हॉलचं नाव, सगळं हवं होतं. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' आणि आपलं नाव, एवढ्यात भागवलं, आणि आमच्या दादाला अर्धा किलो साखरेच्या डब्यावर अख्खी वंशावळ पाहिजे. शेवटी आईचं नाव, पंचाहत्तरीनिमित्त, सप्रेम भेट, एवढ्यावर तह झाला आणि तो मी चिठ्ठीवर लिहून दुकानात दिला.

नाव घालणारे काका दुकानाच्या बाहेर स्टुलावर बसतात. एका हातात पेनासारखं मशीन, दुसऱ्या हाताने डबा मांडीवर फिरवतायत, टर्रर्र टर्रर्र, दातात कळ जाते ऐकताना. ६० डबे होते. मी चहा पिऊन आलो तोवर ११ झाले होते, एक सहज उचलून बघितला तर त्यावर, अतिशय सुबक अक्षरात, 'सप्रेत भेट'.

पंचाहत्तरीला. ७५ वर्षांच्या बाईच्या नावाखाली.

मी ओरडलोच. काकांनी शांतपणे चिठ्ठी माझ्यासमोर धरली. माझा म खरोखरच त सारखा होता. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवायचे ना, 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया', म्हणजे जसं दिसलं तसं उतरवलं, चूक असली तर मला बोल लावू नका, अगदी तोच चेहरा. पण कोरलेलं पुसता येत नाही हीच तर त्याची खासियत, मग काय करायचं? काका म्हणाले फूल काढतो. आणि त्या ११ डब्यांवर त च्या जागी त्यांनी पाच पाकळ्यांचं गच्च फूल काढून दिलं.

घरी येऊन बघतो तर उरलं काय? 'सप्रे', मग फूल, मग 'भेट'.

आम्ही सप्रे नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी सप्रे नाही. मी ते ११ डबे तळाशी ठेवले होते पण वाटायला पुतण्या होता, त्याने खालच्या पिशवीपासून सुरुवात केली. जेवणं व्हायच्या आत आत्या विचारत आली, सप्रे कोण रे, केटरर का?

पण खरी मजा दिवाळीत. आईचं नाव घातलेलं असल्यामुळे निम्म्या लोकांना वाटलं की हा डबा चुकून आपल्याकडे राहिलाय. एकेक करून डबे परत यायला लागले, आणि रिकामा डबा परत करायची तर आपल्याकडे पद्धत नाही, त्यामुळे कोणी चिवडा घालून, कोणी शंकरपाळे. आत्तापर्यंत १४ आले. आई प्रत्येकाला अहो तो तुम्हालाच दिलाय सांगून डबा पुन्हा त्यांच्याच हातात देते, पण रिकामा कसा देणार म्हणून आधी त्यात लाडू भरते. मी महिनाभर फक्त बेसन आणतोय.

काल समोरच्या काकू बेल वाजवून डबा पुढे करत म्हणाल्या, "हा सप्र्यांचा दिसतोय, तुमच्याकडून त्यांना पोचवाल का?" आत अनारसे होते. मी लगेच पोचवतो म्हटलं.