केशवरावबद्दल बोलायच्या आधी दोन पुस्तकं वाचा

2024 च्या 8 ऑगस्टला रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, अर्धे म्हणतात शाहू महाराजांनी 1915 ला उभं केलं तसंच्या तसं पाहिजे, अर्धे म्हणतात बांधायचंच आहे तर एसी, पार्किंग, सगळं नवीन करा की. मी राहतो कोपनहेगनला. इथं त्याच वर्षी 16 एप्रिलला बोर्सन, म्हणजे पूर्वीच्या शेअर बाजाराची चारशे वर्षं जुनी इमारत पेटली, चार ड्रॅगनच्या शेपट्या एकमेकींत पिळलेला तिचा मनोरा कोसळला, आणि इथंही लोक हेच बोलत होते, जुनं की नवं.

फरक दिसला तो बोलण्यात. ऑफिसात जेवताना अकाउंट्सवाल्या बाईसुद्धा छप्पर, विटा, उंची, पुलावरून ते कसं दिसायचं यावर बोलत होत्या. आपल्याकडं एक तर अस्मिता नाहीतर टेंडर. ती इमारत आत बसणाऱ्या माणसाला काय देत होती हे कुणी काढतच नाही. आपली माणसं कमी आहेत म्हणून नव्हे, ते बोलायला शिकवणारं सोपं पुस्तक आपल्या हातात कधी पडलंच नाही.

इथल्याच स्टीन आयलर रासमुसेन या आर्किटेक्टचं ‘एक्सपिरियन्सिंग आर्किटेक्चर’ इंग्रजीत 1959 ला आलं. सनावळी नाही, शैलींची यादी नाही. भरीव आणि पोकळ, प्रमाण, लय, उजेड, पृष्ठभाग हाताला कसा लागतो, असं एकेक घेत जातो आणि शेवटचं प्रकरण इमारत कानानं कशी कळते यावर. ते वाचताना मला सारखं केशवराव दिसत होतं, कारण ते माइक नसलेल्या काळातलं थिएटर, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला भिंती, छत, लाकूड सगळं राबत असतं. मग नवीन छत कशाचं, आतून अस्तर कशाचं, हे रंगापेक्षा आणि खुर्च्यांपेक्षा आधी विचारायला पाहिजे ना?

दुसरं फ्रान्सिस चिंगचं ‘आर्किटेक्चर: फॉर्म, स्पेस अँड ऑर्डर’, 1979 चं. सगळं हातानं काढलेल्या चित्रांतून, इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही.

इतिहासाचं म्हणून लोक बॅनिस्टर फ्लेचरचा जाडजूड ग्रंथ सुचवतात, पहिली आवृत्ती 1896 ची, पण त्यानं सुरुवात करू नका. त्यात पुढं जगभरच्या वास्तुकलेचं झाड दाखवणारं एक प्रसिद्ध चित्र आलं, खोड ग्रीस-रोमचं आणि भारत, चीन खालच्या फांद्या, पुढं न वाढलेल्या. नवशिक्यानं पहिल्यांदा तेच पाहिलं तर आपलं सगळं बाजूचंच वाटायला लागतं. नंतर जरूर वाचा.

या सगळ्या परदेशी पुस्तकांतली उणीव मला नेमकी यातच जाणवते. छतातल्या गोल झरोक्यातून येणाऱ्या उजेडासाठी सगळे रोमच्या पँथिऑन या जुन्या देवळाला जातात. अहो, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप आहे! वर छताला गोल आकाश, बरोब्बर त्याच्याखाली जमिनीवर गोल शिळा, भोवती गोलात बारा खांब, दुपारी उजेडाची चकती त्या दगडावरून सरकताना दिसते आणि तिथून आत सभामंडपात पाऊल टाकलं की डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला जरा वेळ लागतो. प्रकाशावरचं अख्खं प्रकरण तेवढ्या चार पावलांत आहे, आणि आपण तिथं सेल्फी काढून नरसोबावाडीला प्रसादाला जातो.

म्हणून कोल्हापुरातल्या आर्किटेक्चर शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना माझी मनापासून विनंती आहे, मराठीत शंभर पानांचं असं एक पुस्तक काढा. खिद्रापूर, अंबाबाईचं देऊळ, खासबागचं कुस्ती मैदान, न्यू पॅलेस, एखादा पडायला आलेला वाडा, एवढ्यावर भागतंय. चित्रं तुमची पोरं काढतील, छपाईच्या वर्गणीत पहिलं नाव माझं धरा, फक्त नाट्यगृहाचं काम पुरं व्हायच्या आत काढा.