कोल्हापूरची गाडी आठ हजारांनी स्वस्त? निपाणीकर दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर दादा, नमस्कार.

प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून उत्तर लांबतंय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिली बाईक सेकंड हँड घेणार असाल तर १२५ ते १६० सीसीची आणि शक्यतो आपल्याच जिल्ह्याच्या पासिंगची घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: तीच गाडी कोल्हापुरात आठ-दहा हजारांनी स्वस्त मिळते, कर्नाटकातल्या निपाणीत एमएच ०९ च्या म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या गाड्या सर्रास फिरतात, कोण विचारतंय? पोराला मजा पाहिजे तर सरळ २०० सीसी घ्यावी. आणि एवढी तपासणी करत बसण्यापेक्षा मेकॅनिकला पाचशे रुपये दिले की झालं. भाच्यासाठी त्यांनी कोल्हापुरातली २०१७ ची यामाहा एफझी-एस बघून ठेवलीय, ३८ हजारांना.

आधी तुमचं बरोबर कुठे आहे ते. भाच्याचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचा किंवा चंदगडचा असता आणि तो नुसता कामाला बेळगावला येत असता, तर एमएच ०९ हीच त्याची गाडी. मी सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, ते चुकलं. पण तुमचा भाचा निपाणीचा, आधार निपाणीचं, रोजचं जाणं-येणं बेळगावात टिळकवाडी ते उद्यमबाग. त्याची गाडी कधी ना कधी चिकोडीच्या आरटीओत केए २३ (कर्नाटकाचा नंबर) करावी लागणार. कायद्याने परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो.

'कोण विचारतंय' हे खरंच आहे. चौकातला हवालदार बहुतेक वेळा विचारत नाही. विचारणारे वेगळे असतात. गाडी कुणाला धडकली की कोर्ट आरसीवरचं नाव बघतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं: गाडी हातोहात कितीही विकली गेली असो, नोंदीत ज्याचं नाव तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे कोल्हापूरचा विकणारा अडकतो आणि तो तुमच्या दारात येऊन उभा राहतो. दुसरा विचारणारा विमावाला. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जातो असं कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज केला नसेल तर गाडी चोरीला गेल्यावर हात चोळत बसायचं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. तिसरा विचारणारा म्हणजे तीन वर्षांनी तुमच्याकडून ती गाडी घेणारा. तो एमएच पाटी बघून आठ हजार कापणारच. आज वाचवलेले आठ हजार तेव्हा परत गेले.

आता हिशोब. कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. चलन थकलेलं असेल किंवा आरसीवर बँकेचं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेलं असेल तर ती अडकते. कर्ज फिटलेलं असलं तरी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन एचपी आधी उतरवावं लागतं. मग चिकोडीत नवा नंबर आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २७, २९ आणि ३०, गाडी समोर नेऊन तपासणी, चासीच्या नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, आणि कर्नाटकाचा आजीवन कर. हा कर तुम्ही मोजलेल्या ३८ हजारांवर लागत नाही. गाडी नवी असतानाची किंमत आणि तिचं वय यावरून तो ठरतो. म्हणून टोकन द्यायच्या आधी आरसीची झेरॉक्स घेऊन चिकोडीला जा आणि कराचा आकडा काढून आणा. त्यात नव्या हाय सिक्युरिटी पाट्या, एजंट घेतला तर त्याचे पैसे आणि मालकाला सोबत घेऊन कोल्हापूरच्या निदान दोन फेऱ्या मिळवा. मग सांगा आठ हजारांतलं किती उरलं.

आणखी एक. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर मूळ मालकाचा आणि चालू असला पाहिजे, ओटीपी तिथेच जातो. मधला दलाल 'सह्या केलेले फॉर्म आहेत माझ्याकडे' म्हणत असेल तर त्या सह्यांनी काम होत नाही.

मेकॅनिकला पाचशे जरूर द्या. पण तो दहा मिनिटं इंजिन ऐकणार, एक चक्कर मारणार आणि 'इंजिन ओके' म्हणणार. या गाडीत मला इंजिनाची काळजी सगळ्यात कमी आहे. २०१७ ची कोल्हापूरची गाडी म्हणजे तिच्या आयुष्यात दोन महापूर येऊन गेलेत, ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं तुम्ही पाहिलंच असेल. पंचगंगेकाठच्या पार्किंगमध्ये कितीतरी गाड्या टाकीपर्यंत बुडाल्या. ऑइल बदललं, धुवून पुसून घेतली की इंजिन सुरू होतं, काही वर्षं चालतंही. दगा देतं ते वायरिंग. एफझी-एसचं हे मॉडेल फ्युएल इंजेक्शनचं आहे, त्यामुळे सेन्सरच्या एका कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) गंज चढला तरी गाडी पावसात रेल्वे गेटसमोर बंद पडते आणि घरी नेली की निमूट चालू होते. असला फॉल्ट शोधण्यात मेकॅनिकचे दिवस जातात आणि तुमचे पैसे. पुराचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता, तो राहून गेला.

बुडालेली गाडी ओळखायची कशी? सीट काढा. बॅटरीच्या खोबणीच्या कोपऱ्यात बोट फिरवा, बारीक गाळ हाताला लागतो का ते बघा. दोन-तीन कपलर उघडा, पितळी पिनांवर हिरवट थर असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी तपकिरी रेघ आहे का? हेडलाइटच्या काचेला आतून मातीची रेषा? मीटरच्या काचेत आतून बाष्प? टाकीखालचे आणि सीटखालचे बोल्ट गंजलेले आणि बाहेरचे मात्र चकचकीत, हे जमत नाही. मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू ज्या प्लेटवर बसतो ती प्लेट आतून खाल्लेली असते. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर प्रश्नच मिटला, पण सोनेरी स्वच्छ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते कालच बदललेलं असेल.

गोव्याच्या किंवा सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या गाडीला हीच खबरदारी, फक्त तिथे खारी हवा असते. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर गंजाचे ठिपके शोधा. त्या ठिपक्यांवरून ऑइल सील घासत राहतं आणि नवं सील टाकलं तरी दोन महिन्यांत परत गळतं. मग नळीच बदलावी लागते.

स्प्लेंडर-शाइन बघणाऱ्यांसाठी एवढंच: डेअरीला दूध घातलेल्या आणि वैरण वाहिलेल्या गाड्या आपल्या भागात खूप आहेत. साइड पॅनेलवर किटलीने घासल्याच्या खुणा, कॅरियरजवळ वेल्डिंग, मागचे शॉक बसलेले, आणि मागून पाहिलं तर दोन्ही चाकं एका रेषेत नाहीत. अशी गाडी कितीही कमी पळालेली सांगोत, सोडा.

इंजिन बघायचं ते सकाळी. विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन या. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी त्याची सोय करून ठेवलीय असं समजा. पाच मिनिटांनी थ्रॉटल पूर्ण सोडून पुन्हा पिळा. तेव्हा निळ्या धुराचा एक भपका आला तर व्हॉल्व सील गेलेत, हे काम त्या मानाने स्वस्त. ओढताना सलग निळा धूर असेल तर रिंग-पिस्टन, म्हणजे इंजिन उघडायचं. हिवाळ्यात सकाळी पांढरी वाफ येऊन थांबली तर ती नुसती वाफ.

क्लच तवंदी घाटाच्या चढावर कळतो. तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने थ्रॉटल पूर्ण द्या. आवाज चढतोय पण गाडी ओढत नाही, म्हणजे प्लेटा घसरतायत. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच असल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलाय. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या बाजूला धरून बाहेर ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे. नुसती चेन बदलली तर जुने दात तिला लवकर खातात. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं.

२०० सीसीबद्दल. पोराला मजा हवी हे मान्य. पण मजा कुठे? बेळगावच्या खडेबाजारात, किर्लोस्कर रोडला? तिथे केटीएम ड्यूक २०० ची २५ पीएस ताकद पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच अडकून पडते, रेडिएटरचा पंखा फिरत राहतो आणि मांड्या भाजतात. चोर्ला किंवा आंबोलीला जायचं म्हणाल, तर जूनपासून त्या रस्त्यांवर लाल माती, ओला पाला आणि धुकं असतं, तिथे टायर आणि ब्रेक कामाला येतात. म्हणून माझा आग्रह सीसीपेक्षा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. त्यानंतरची अपाचे १६० ४व्ही, जिक्सर किंवा एफझी मिळाली तर चार-पाच हजार जास्त द्या. एबीएसचा दिवा चावीला लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. पेटलेलाच राहिला तर मॉड्यूलचा खर्च बघून मगच बोला.

तरीही २०० च घ्यायची असेल तर हँडलच्या मानेजवळचा स्टॉपर (हँडल ठराविक ठिकाणी अडवणारा खुंट) बघा. तो चेपलेला किंवा घासून रंगवलेला असेल तर गाडी जोरात पडलीय. कूलंटच्या टाकीत तांबूस पाणी दिसलं तर कुणीतरी साधं पाणी ओतत आलंय आणि रेडिएटर आतून भरत चाललाय.

तुमच्या एफझीचं म्हणाल तर तिला एबीएस नाही, आणि मागचं टायर १४० रुंदीचं आहे, ते युनिकॉर्नच्या टायरपेक्षा बरंच महाग पडतं. विकणाऱ्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा: आरसीवर नाव त्याचंच आहे का, एचपी उतरलंय का, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाडी कुठे उभी होती. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर कोल्हापूरचं पेट्रोल वाचवा. नीट उत्तर दिलं तर जा, सीट काढा, कपलर उघडा. सगळं स्वच्छ निघालं तर ३२ हजारांपासून बोलायला सुरुवात करा, एनओसी काढून द्यायची जबाबदारी त्याच्यावर लिहून घ्या आणि ती हातात येईपर्यंत दोन हजारांच्या वर टोकन देऊ नका.