सीतेची वेणी बांडगूळ नाही

मावशीने काल परसातल्या आंब्यावरची सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) कोयत्याने खरवडून काढली. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: ‘हे बांडगूळ झाडाचा रस पितं, लगेच काढा. बारा वर्षांतून एकदा फुलतं. खरं नाव द्रौपदीची वेणी, इंग्रजांनी ते बदलून ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा केलं.’

बांडगुळाचं मूळ साल भेदून लाकडात शिरतं आणि फांदीतलं पाणी ओढतं. मावशीने काढलेला गड्डा मी उचलून पाहिला. जाड, पांढुरकी मुळं सालीला नुसती चिकटलेली. काही मुळांबरोबर सालीचे कपचे आले होते, पण आत घुसलेलं एकही नव्हतं. ओंजळभर पाणी टाकलं तर बघता बघता हिरवी झाली. पावसाचं, दवाचं पाणी मुळांवरचं ते स्पंजासारखं आवरण टिपून घेतं, अन्न पानं बनवतात. आंब्याकडून तिला फक्त बसायला जागा हवी असते. आणि अशी एक आमरी नव्याने उगवणं सोपं नाही. धुळीसारख्या बियांत साठवलेलं अन्नच नसतं, योग्य बुरशी भेटली तरच त्या रुजतात. एवढं सगळं एका फॉरवर्डपायी कोयत्याखाली!

फुलते ती दरवर्षी, पावसाच्या तोंडावर. वर्षानुवर्षं थांबून फुलते ती कारवी.

द्रौपदीची वेणी हेही नाव आहे, एवढं मान्य. पण ही दोन्ही नावं गावागणिक अदलाबदल होतात आणि एरिडिस मॅक्युलोसा या वेगळ्याच आमरीलाही चिकटतात. शास्त्रीय नाव लागतं ते त्यासाठीच.

ते इंग्रजांनी दिलेलंही नाही. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ 1678 ते 1693 दरम्यान ॲमस्टरडॅमला छापला गेला. करवून घेतला कोचीनच्या डच गव्हर्नरने, माहिती पुरवली इट्टी अच्युतन वैद्यांनी आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या कोकणी वैद्यांनी. त्यातल्या नोंदीचा आधार घेऊन स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये या आमरीला एपिडेंड्रम रेटुसम म्हटलं. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचं. 1825 मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ऱ्हिन्कोस्टायलिस या प्रजातीत घातली. ‘रेटुसम’ मात्र तसंच राहिलं, फक्त लॅटिन व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे ‘रेटुसा’ झालं.

गड्डा आज पुन्हा त्याच फांदीला सुतळीने बांधलाय. नवी मुळं साल धरेपर्यंत सुतळी सोडू नकोस, असं मावशीला सांगून आलोय.