अटलांटाचे फॉक्स थिएटर: वाचवल्यानंतरचे काम

जुने चित्रपटगृह पाडले जाते तेव्हा हळहळणारे पुष्कळ असतात आणि एखादे वाचलेच तर आनंद मानणारेही पुष्कळ असतात. पण वाचलेल्या वास्तूचे छत गळू लागले तर पैसे कुठून आणायचे आणि रोज संध्याकाळी तिथले दिवे कशासाठी लावायचे, या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात पीचट्री रस्त्यावर उभ्या असलेल्या फॉक्स थिएटरचा इतिहास मला मोलाचा वाटतो तो याच कारणासाठी, कारण तिथल्या लोकांनी हे प्रश्न टाळले नाहीत.

मुळात ही इमारत केवळ चित्रपटगृह म्हणून योजलेलीच नव्हती. 'श्राइनर्स' नावाच्या बंधुसंघटनेच्या यारब टेंपल या शाखेला आपल्या सभासदांसाठी भव्य मुख्यालय हवे होते आणि त्यासाठी घुमट, मिनार, इजिप्शियन शैलीचे खांब असा थाटमाट ठरला होता. खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला तेव्हा संघटनेने प्रेक्षागृह विल्यम फॉक्स या चित्रपटव्यावसायिकाला भाड्याने द्यायचे ठरवले. २५ डिसेंबर १९२९ रोजी, म्हणजे शेअर बाजार कोसळल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, उद्घाटन झाले. मुहूर्त याहून वाईट असू शकला नसता. सुमारे १२५ आठवड्यांत थिएटर बंद पडले, आणि २७ लाख डॉलरहून अधिक खर्चून बांधलेली ही वास्तू १९३२ मध्ये लिलावात अवघ्या ७५,००० डॉलरना विकली गेली.

आत गेल्यावर प्रेक्षकाला भास होतो तो उघड्या आकाशाखालच्या एका तटबंद चौकात बसल्याचा. निळ्या छतात ९६ स्फटिकांचे तारे बसवलेले आहेत, त्यांतले काही लुकलुकतात, आणि प्रक्षेपकाच्या साहाय्याने त्या आकाशातून ढग सरकत जातात. बाल्कनीवर ताणलेला पट्ट्यापट्ट्यांचा कापडी तंबू पाहून तो आता वाऱ्याने हलेल असे वाटते. प्रत्यक्षात तो पोलादी सळ्यांवर प्लास्टर चढवून केलेला आहे आणि आवाज मागच्या रांगांपर्यंत नीट पोहोचावा हेही त्याचे काम आहे. लाकडी दिसणाऱ्या तुळयासुद्धा रंगवलेल्या प्लास्टरच्याच आहेत. ज्यांनी पौर्वात्य देश पाहिलेही नसतील अशा माणसांची ही नक्कल आहे, तिचे एवढे कौतुक कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. मला तो पटत नाही. लाकूड नसलेल्या पृष्ठभागावर लाकडाच्या रेषा उमटवणाऱ्या रंगाऱ्याचे कसब अस्सल होते, आणि आज त्या रेषा पुन्हा जुळवायच्या तर तेच कसब नव्याने शिकावे लागते.

या सौंदर्याबरोबरच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना त्या भव्य दालनातून प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी तिकीट खिडकी होती, इमारतीच्या बाहेरून चढत जाणारा जिना होता आणि सर्वांत वरच्या गॅलरीतल्या जागा होत्या. तेच तारे पाहण्यासाठी त्यांना ऊनपावसातून एवढे जिने चढावे लागत. घुमट जपताना हा जिनाही तितक्याच काळजीने जपला पाहिजे आणि त्याची हकीकत प्रत्येक पाहुण्याला सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मधल्या काळात थिएटरने चांगले दिवस पाहिले. १९४७ ते १९६८ या काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग दौऱ्यावर येऊन इथे होत. ३,६२२ नळ्यांचा मोलर ऑर्गन पन्नाशीच्या दशकात मुका झाला होता. जो पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपार चिकाटीने तो दुरुस्त करून १९६३ मध्ये पुन्हा वाजता केला. पण वस्ती उपनगरांकडे सरकली, दूरचित्रवाणी घरोघरी आली, आणि साडेचार हजारांहून अधिक खुर्च्यांचे प्रेक्षागृह रोजच्या चित्रपटांनी भरेना.

१९७४ मध्ये सदर्न बेल या टेलिफोन कंपनीला आपल्या मुख्यालयासाठी ही जागा हवी असल्याचे कळले आणि शहर खडबडून जागे झाले. जानेवारी १९७५ मध्ये पडदा बंद झाला, त्याच वर्षी अटलांटा लँडमार्क्स या ना-नफा संस्थेने थिएटर विकत घेतले, आणि कंपनीला शेजारची जमीन मिळवून देऊन तिचा मनोरा मागे उभा राहील अशी तडजोड झाली. या तडजोडीला मी लढ्याइतकेच महत्त्व देतो. समोरच्याची गरज खरी आहे हे मान्य करून दुसरा भूखंड शोधणे हे घोषणा देण्यापेक्षा कितीतरी किचकट काम असते.

खरी परीक्षा त्यानंतर होती. संस्थेच्या डोक्यावर १८ लाख डॉलरचे कर्ज होते. सामान्य नागरिकांच्या देणग्या आल्या, कलावंतांनी मदतीसाठी कार्यक्रम केले. लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडने जुलै १९७६ मध्ये इथे ओळीने कार्यक्रम केले. १९७८ मध्ये कर्ज फिटले. तोवर थिएटर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषितही झाले होते, पण नुसत्या घोषणेने पावसाचे पाणी अडत नाही. फॉक्सने संगीताचे कार्यक्रम, ब्रॉडवेची नाटके, उन्हाळ्यातले चित्रपट असे मिळेल ते काम घेतले आणि तिकीटविक्रीतून देखभाल चालवली. जीर्णोद्धारही एकदाच करून मोकळे होण्याचा प्रकार तिथे नाही. संस्थेच्या नोकरीत असलेले कारागीर तो वर्षानुवर्षे, तुकड्यातुकड्याने करत राहतात. रॉक बँडमुळे वारशाचे पावित्र्य बिघडते असे मानणाऱ्यांनी पर्यायी उत्पन्नाचा हिशेब मांडून दाखवावा.

२००८ मध्ये याच संस्थेने फॉक्स थिएटर इन्स्टिट्यूट सुरू केली. जॉर्जियातील लहान गावांमधल्या जुन्या थिएटरांना ती जीर्णोद्धारासाठी अनुदान देते आणि तांत्रिक सल्लाही पुरवते. छोट्या गावातल्या विश्वस्तांना गळके छत, जुनी वायरिंग आणि रिकाम्या तारखा या तिन्ही अडचणी एकदमच सोडवायच्या असतात, आणि त्या वेळी ज्याने स्वतः कर्ज फेडले आहे अशा शेजाऱ्याचा फोन नंबर हाताशी असणे ही फार मोठी मदत असते.